चौदा राजीनामे शुक्रवारपर्यंत

वाचकाचं पत्र:

‘नमस्कार वकीलसाहेब. इंदुरात विजयनगर भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी अकरा वर्षं एचआर सांभाळते. नव्वदएक माणसं, वातावरण घरच्यासारखं. इंग्लंडचं एक मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि सरांनी मला चौदा जणांची यादी दिली. म्हणाले, काढून टाकायचं म्हटलं की भरपाईचा प्रश्न येतो, तेव्हा शुक्रवारपर्यंत सगळ्यांचे राजीनामे घ्या. जो देणार नाही त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे जातानाचा शेवटचा हिशोब, थांबवा आणि रिलीव्हिंग लेटरवर परफॉर्मन्स खराब होता असं लिहा. त्याच गिऱ्हाइकाकडून कधीतरी आलेला एक इंग्रजी मसुदाही दिलाय. त्यात “मी स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेतला आहे” असं वाक्य आहे, त्याखाली सही घ्यायची. यादीतली एक मुलगी सहा महिन्यांची गरोदर आहे. एकाला पाच वर्षं पुरी व्हायला दोन महिने उरलेत. मुदतीआधी नोकरी सोडणार नाही अशा बाँडपोटी तिघांच्या मूळ गुणपत्रिका माझ्या कपाटात आहेत. सर वाईट नाहीत हो, यजमानांच्या आजारपणात माझ्या पाठीशी उभे राहिले होते. पण अकाउंट्समधल्या एकाने हळूच सांगितलं, चौदा झाले की पंधरावं नाव माझं. मी कुणाच्या बाजूने उभी राहू? आणि माझं पुढे काय?’

ताई, नमस्कार.

शेवटी विचारलंत ते आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. तुम्ही कंपनीच्या बाजूच्या आहात. ऐकायला कडू वाटेल, पण एचआरची खुर्चीच तशी असते. पगार कंपनी देते, अधिकार कंपनीचा, तुमच्या सहीने गेलेलं पत्र कंपनीचं पत्र. त्या चौदा जणांच्या तुम्ही वकील नाही आणि मनात कितीही आलं तरी होऊ नका. ‘मी आहे ना, तुझं नुकसान होऊ देणार नाही’ हे वाक्य त्या खोलीत तुमच्या तोंडून निघता कामा नये. समोरचा तुमच्याकडे बघून सही करेल, आणि दिलेला शब्द पाळणं तुमच्या हातात नसेल.

मात्र कंपनीच्या बाजूचं असायचं म्हणजे सरांच्या प्रत्येक बोलण्यावर मान डोलवायची असं नाही. माझ्याकडे मालक येतात तसे नोकरदारही येतात (एकाच प्रकरणात दोघेही नाहीत, ते वकिलाला वर्ज्यच). सर माझे पक्षकार असते तर मी त्यांना म्हटलं असतं, काम उरलं नाही तर माणसं कमी करा, त्याची रीत कायद्यात दिलेली आहे आणि तिचा खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाही. फक्त ही शुक्रवारची घाई सोडा. कंपनी गोत्यात येईल ती या घाईने.

कशी, ते सांगतो. राजीनामा माणसाने आपणहून द्यायचा असतो. पगार अडवण्याची धमकी किंवा बदनामीची भीती घालून घेतलेली सही म्हणजे मुक्त संमती नव्हे, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे. असा राजीनामा न्यायालयात टिकला नाही, तर ते नोकरीवरून काढणंच ठरतं. आणि नोटीस नाही, भरपाई नाही, म्हणजे बेकायदा काढणं. आता हेही खरं की जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं कर्मचाऱ्यावर असतं आणि एकट्यादुकट्याला ते जड जातं. सहा महिन्यांनी येऊन ‘माझ्याकडून लिहून घेतलं’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच येतो की मग इतके दिवस गप्प का होतात. पण तुमच्याकडे एकटादुकटा नाही. चौदा राजीनामे, तारीख एक, मजकूर एक, ‘वैयक्तिक कारणास्तव’ हेच शब्द चौदा वेळा, आणि त्याआधी आठवडाभर तुमच्या कॅलेंडरवर प्रत्येकाची पंधरा मिनिटांची मीटिंग. समोरच्या वकिलाला पुरावा शोधायला जावंच लागणार नाही. त्यातल्या एकाने जरी त्या संध्याकाळी ‘आज दबावाखाली सही घेतली’ अशी ईमेल टाकली, तर उरलेल्या तेरा जणांचं काम हलकं होईल. आणि प्रत्येक मीटिंग कुणाच्या तरी फोनवर रेकॉर्ड होते आहे असं समजूनच बोला. साक्ष अधिनियम २०२३ नुसार योग्य प्रमाणपत्र जोडलं की असं रेकॉर्डिंग न्यायालयापुढे ठेवता येतं.

दुसरं, दिलेला राजीनामा परत घेता येतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी मे १९७७ मध्ये राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला, १ ऑगस्टपासून लागू होणारा, आणि जुलैमध्येच तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी परत घेता येतो, आड येणारी कायद्याची किंवा कराराची अट नसेल तर, असा निकाल १९७८ मध्ये लागला. तेव्हा शुक्रवारी सही करून घरी गेलेला मुलगा वडिलांशी बोलून सोमवारी ईमेल पाठवू शकतो. काही मालक यावर उपाय म्हणून त्याच कागदावर ‘तत्काळ स्वीकृत’ असा शिक्का मारतात. त्यातून घाईच आणखी उघडी पडते.

मग रीत काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू झाल्या आहेत. माणसं कमी करण्याच्या, म्हणजे कपातीच्या, नियमांचा गाभा १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातलाच राहिला आहे. सलग वर्षभर नोकरी झालेल्याला कारण लिहून महिन्याची नोटीस द्यायची किंवा तेवढा पगार. दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई. आणि सरकारला सूचना. नवीन भर पडली ती पुनर्कौशल्य निधीची. कपात झालेल्या प्रत्येकामागे मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत त्या माणसाच्या खात्यात जायचा. तीनशे माणसं असली की कपातीला सरकारची पूर्वपरवानगी लागते हे जे आपण ऐकतो, ते कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे. तुमच्या कंपनीला नाही.

सरांसाठी आकडा मांडून ठेवा. चाळीस हजार पगार आणि तीन वर्षं नोकरी झालेला मुलगा धरा. नोटिशीचे ४० हजार, भरपाई ढोबळ मानाने दीड महिन्याची म्हणजे ६० हजार, निधीचे २० हजार. एकूण १ लाख २० हजार. सगळे चौदा जण असेच धरले तर १६ लाख ८० हजार. रक्कम लहान नाही, मान्य. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही त्यांना दाखवा. बेकायदा काढलेल्याला पुन्हा कामावर घेऊन मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका शिक्षिकेच्या खटल्यात म्हटलं आहे. प्रत्येक वेळी पूर्ण पगार मिळतोच असं नाही, बरेचदा एकरकमी भरपाईवर भागतं. तरी खटला पाच वर्षं चालला तर याच एका मुलाचा मागचा पगार २४ लाख होतो, वकिलांची फी वेगळी.

इंदूरकराला लांबलेल्या देण्यांची गोष्ट नव्याने सांगायला नको. हुकूमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचा २२४ कोटींचा धनादेश सुपूर्द व्हायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. ती लढाई अवसायनाची, म्हणजे बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याची, तुमची गोष्ट वेगळी आहे. पण आपल्या मराठी घरांमध्येही गिरणीत गेलेले आजोबा निघतील. त्या चौदा जणांपैकी कुणाच्या घरात ही गोष्ट जेवताना ऐकलेली असेल, तर तो ‘नंतर बघू’वर सही करणार नाही.

सर म्हणतील, हे सगळं पीथमपूरच्या कारखान्यांना, आमची पोरं लॅपटॉपवाली. इथे बऱ्याच मालकांची गफलत होते. संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक, कुशल आणि कारकुनी काम करणारेही बसतात, आणि त्यांना पगाराची मर्यादा नाही. महिना १८ हजारांची मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांना. व्यवस्थापन हेच ज्याचं मुख्य काम तो बाहेर. पण कार्डावर मॅनेजर छापल्याने कुणी मॅनेजर होत नाही. माणूस नेमण्याचा, रजा मंजूर करण्याचा अधिकार त्याला खरोखर आहे का, ते पाहिलं जातं. तुमच्या यादीतले टेस्टर, डेव्हलपर, सपोर्टची मुलं बहुतेक आतच येतील असं धरून चाला. आणि एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. तुमची यादी कोणत्या निकषाने झाली ते पत्रात नाही. जास्त पगारवाल्यापासून सुरुवात झाली असेल अशी मला शंका आहे, कारण बऱ्याच याद्या तशाच होतात.

आता तो विलायती मसुदा. तिकडे ते वाक्य शोभेचं नाही. ब्रिटनच्या १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये अशी अट आहे की कर्मचाऱ्याने आपले कायदेशीर दावे सोडल्याचा करार तेव्हाच बंधनकारक, जेव्हा त्याने स्वतंत्र सल्लागाराकडून, सहसा सॉलिसिटरकडून म्हणजे तिकडच्या वकिलाकडून, त्या करारावर सल्ला घेतलेला असेल. तो सल्लागार मालकाचा नसावा, त्याचा विमा असावा, करारात त्याचा उल्लेख असावा. त्याची फी बहुधा मालकच देतो, आणि विचार करायला निदान दहा दिवस द्यावेत असं तिथल्या अकास या संस्थेची आचारसंहिता सांगते. म्हणून तिकडचे सॉलिसिटर एका खटल्यात कंपनीकडून आणि दुसऱ्यात कर्मचाऱ्याकडून असे दोन्हीकडचं काम करताना दिसतात. आपल्याकडे तो कायदा लागू नाही. त्यातलं एक वाक्य उचलून, सल्ला न घेतलेल्या माणसाकडून ‘सल्ला घेतला’ असं लिहून घ्यायचं म्हणजे कंपनीने स्वतःच्या कागदात खोटं विधान पेरायचं. ग्रॅच्युइटीसारखा (पाच वर्षं नोकरी झाली की जाताना मिळणारी रक्कम) कायद्याने दिलेला हक्क तर अशा सहीने सुटतच नाही. घ्यायचंच असेल तर तिकडचं ते दहा दिवसांचं आणि स्वतःच्या वकिलाचं घ्या, कागद राहू द्या.

सरांना खरोखर तडजोडच हवी असेल तर मार्ग आहे. नोटिशीपेक्षा आणि भरपाईपेक्षा थोडी जास्त रक्कम लेखी देऊ करा, दहा-पंधरा दिवस विचाराला द्या, ‘तुमच्या वकिलाला दाखवा’ असं पत्रातच लिहा, आणि नाही म्हणणाऱ्यासाठी रीतसर कपातीचा रस्ता मोकळा ठेवा. वाद उभा राहिला तर सहायक श्रमायुक्तांपुढे समेटाच्या बोलणीत झालेला समझोता खोलीत घेतलेल्या सहीपेक्षा कितीतरी पक्का असतो. राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्यालयही आपल्या इंदुरातच आहे, भोपाळला धावावं लागत नाही. चौदा जणांपैकी कुणी विचारलं तर एवढं त्यांना सांगायला हरकत नाही की समेटाकडे जायची मुदत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि सल्ला बाहेरून घ्या. याहून पुढे तुम्ही जाऊ नका.

गरोदर मुलीचं नाव यादीतून आजच वेगळं काढायला सांगा. प्रसूतीच्या रजेवर असताना किंवा त्या रजेमुळे काढणं बेकायदा आहे, शिक्षापात्र आहे. गरोदरपणात काढलं तरी, गंभीर गैरवर्तन सोडता, तिचा प्रसूतिलाभ बुडत नाही. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा. राजीनामा हवा आहे तो नेमका हे २६ आठवडे टाळायला, हे कुठल्याही न्यायाधीशाला सांगावं लागणार नाही. अपराध कंपनीचा असला तरी ज्या अधिकाऱ्याच्या संमतीने किंवा कानाडोळ्याने तो झाला त्यालाही कायदा धरतो. त्या पत्रावर तुमची सही असेल. चौदातलं हे एक नाव असं आहे जिथे मी तुम्हाला सरळ सांगतो, सही करू नका, नोकरी गेली तरी.

पाच वर्षांना दोन महिने कमी असलेल्याचं गणितही सरांना वाटतं तसं नाही. ग्रॅच्युइटीसाठी ‘सलग वर्ष’ मोजताना बारा महिन्यांत २४० दिवस काम पुरतं, आणि आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या आस्थापनेत १९० दिवस. तुमच्याकडे शनिवार-रविवार सुट्टी असेल तर त्याचा पाचव्या वर्षाचा आकडा केव्हाच पुरा झालाय. चार वर्षं आणि असं अपुरं पाचवं वर्ष मिळून पाच धरावीत असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाने पूर्वीच लावला आहे. प्रत्येक न्यायालय तसंच म्हणेल याची हमी नाही, पण तो मुलगा हरेल यावर मी पैसे लावणार नाही. त्यापेक्षा महिन्याची नोटीस आणि वर थोडे दिवस धरून त्याची पाच वर्षं पुरी होऊ द्यावीत, भांडणच उरत नाही.

गुणपत्रिका परत करा. कुणाचीही मूळ कागदपत्रं तारण म्हणून अडकवायचा कंपनीला अधिकार नाही. बाँडचं म्हणाल तर मुदतीआधी सोडून जाणाऱ्याकडून वाजवी नुकसानभरपाई मागता येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा असा बाँड योग्य ठरवला. इथे तर कंपनीच त्यांना घालवते आहे. आणि फुल अँड फायनलमधला पगार थांबवायची धमकी आता आणखी महाग पडेल, कारण वेतन संहितेप्रमाणे काढलं असो की राजीनामा असो, राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. रिलीव्हिंग लेटरवर खोटा शेरा मारलात तर मागच्या एप्रिलमध्ये तुम्हीच दिलेली वेतनवाढीची पत्रं ते लोक बाहेर काढतील.

सरांशी तोंडी बोला, पण त्याच दिवशी ईमेलही करा. चार ओळी पुरेत: ‘सर, आपण चौदा जणांचे राजीनामे शुक्रवारपर्यंत घेण्याबाबत बोललात. यात कायद्याची जोखीम आहे असं मला वाटतं, विशेषतः प्रसूतिरजा आणि ग्रॅच्युइटी. रीतसर कपातीचा खर्च सोबत जोडला आहे. कंपनीच्या वकिलांचं लेखी मत येईपर्यंत मी मीटिंगा सुरू करत नाही.’ सूर तक्रारीचा नको, जबाबदार अधिकाऱ्याचा ठेवा. सर तुमच्या अडचणीच्या काळात उभे राहिले, याची परतफेड करायचीच असेल तर त्यांना या खड्ड्याआधी अडवणं ही चांगली परतफेड आहे. ते चिडतील कदाचित. वकिलाचं मत आल्यावर बहुतेक मालक नरमतात, पैसा समोर दिसायला लागतो म्हणून.

आता तुमचं. पंधरावं नाव खरंच असेल तर तुमचं संरक्षण त्या चौदा जणांपेक्षा पातळ आहे, हे आधी समजून घ्या. तुमचं काम व्यवस्थापनाचं, म्हणून कपातीची भरपाई आणि कामगार न्यायालय बहुधा तुमच्यासाठी नाही. तुमचा आधार नियुक्तिपत्रातला नोटीस पीरियड. दिवाणी न्यायालय सहसा पुन्हा नोकरीवर बसवत नाही, फार तर नोटिशीइतके पैसे देववतं. ग्रॅच्युइटी मात्र मॅनेजरलाही आहे. शेवटचं मूळ वेतन ५० हजार धरलं तर महिन्याचे सव्वीस दिवस धरून दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशोबाने अकरा वर्षांचे सुमारे ३ लाख १७ हजार होतात, आणि ते तीस दिवसांत मिळायला हवेत. शिल्लक रजांचे पैसे वेगळे. पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता.

स्वतःची कागदपत्रं जमवा, पण दुसऱ्यांची नाही. नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, वेतनवाढीची पत्रं, तुमच्याच रजेचा हिशोब, एवढं घरी असू द्या. त्या चौदा जणांच्या फाइली, पगाराचे तक्ते किंवा ती यादी स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. पंधराव्या नावासाठी कारण हवंच असेल तर गोपनीयतेचा भंग हे तयार कारण तुम्हीच हाती द्याल. त्याऐवजी रोज रात्री साध्या वहीत तारीख घालून लिहा: कोण काय बोललं, कोण हजर होतं. तुमच्यापुढे कुणी राजीनाम्याचा कागद ठेवला तर ‘वाचून उद्या कळवते’ म्हणायचं आणि बॅग घेऊन उठायचं.

आणि स्वतःसाठी वकील वेगळा बघा. कंपनीचे वकील ओळखीचे असतील, दिवाळीला फराळ पाठवत असतील, तरी त्यांना तुमचा प्रश्न विचारू नका. त्यांचा पक्षकार कंपनी आहे. जाताना नियुक्तिपत्र आणि ती चार ओळींची ईमेल बरोबर न्या, यजमानांनाही घेऊन जा, आणि फी आधी विचारा.